चढताना इंजिन, उतरताना ब्रेक

उन्हाळ्याच्या सुट्टीत मोटारीने गावी जाताना बोरघाटात, कसाऱ्याला किंवा खंबाटकीत एक दृश्य हमखास दिसते. रस्त्याच्या कडेला गाडी उभी असते, बॉनेट उघडे असते, आतून वाफेचे लोट निघत असतात आणि घरची मंडळी बाजूच्या दगडांवर बसलेली असतात. काय झाले असे विचारले, तर उत्तर मिळते, "गाडी गरम झाली." घाट उतरताना दुसराच अनुभव येतो. पुढे चाललेल्या ट्रकच्या चाकांपाशी धुरकट दिसते आणि काहीतरी जळल्याचा उग्र वास नाकात शिरतो. तेथे तापलेले असतात ते ब्रेक.

मित्रांनो, चढावर इंजिन तापते आणि उतारावर ब्रेक तापतात, या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी ऊर्जेचा एकच हिशेब आहे. हा हिशेब ज्याला कळला, त्याला गाडी कधी थांबवावी, कोणत्या झाकणाला हात लावू नये आणि कोणत्या गिअरमध्ये उतरावे हे पाठ करावे लागत नाही. गाडी चालवायला तुम्हांला अजून काही वर्षे अवकाश आहे. पण गाडीत तुम्ही बसताच, आणि शेजारी बसून काट्यांवर लक्ष ठेवणारा जाणता सोबती मोठ्या माणसांनाही हवाच असतो.

एका घाटाचे गणित

बोरघाटाच्या पायथ्याचे खोपोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६० मीटर उंच आहे आणि वरचे लोणावळा सुमारे ६२० मीटर. आपण सोयीसाठी ५५० मीटरांची चढण धरू. गाडी, त्यातली पाच माणसे आणि सामान मिळून वस्तुमान १,२०० किलोग्रॅम समजू. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला की स्थितिज ऊर्जा मिळते, हे तुम्ही शाळेत शिकला आहातच.

१,२०० × ९.८ × ५५० = ६४,६८,००० ज्यूल, म्हणजे जवळजवळ साडेसहा मेगाज्यूल.

ही ऊर्जा किती? एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात. तेव्हा २७ अंश सेल्सिअसचे २१ लिटर पाणी, म्हणजे मोठी बादलीभर पाणी, उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागेल, तेवढी ऊर्जा ही गाडी नुसती वर नेण्यात खर्च झाली.

पण एवढ्याने भागत नाही. पेट्रोलच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक चतुर्थांश ऊर्जाच चाकांपर्यंत पोचते. म्हणजे साडेसहा मेगाज्यूल कामासाठी २६ मेगाज्यूलांचे पेट्रोल जाळावे लागते. ते पाऊण लिटरहून थोडे जास्त भरेल. उरलेल्या उष्णतेचा मोठा वाटा धुराबरोबर मागच्या नळीतून निघून जातो. जवळजवळ तेवढाच दुसरा वाटा, म्हणजे एकूण उष्णतेचा सुमारे एक तृतीयांश, इंजिनाच्या धातूत शिरतो. तो बाहेर काढला नाही तर दट्टे सिलिंडरमध्ये घट्ट अडकून बसतील आणि वंगणाचे तेल जळून जाईल.

या घाटापुरता हा वाटा आठ-साडेआठ मेगाज्यूल होतो. वीस मिनिटांत घाट चढला, तर दर सेकंदाला सुमारे सात किलोज्यूल उष्णता बॉनेटखालून बाहेर काढली पाहिजे. एक किलोवॅटच्या सात इस्त्र्या बॉनेटखाली एकदम चालू आहेत अशी कल्पना करा. हे काम करायला गाडीत पाणी असते ते पाच-सहा लिटर!

जुन्या काळातला एक प्रवास

मोटारगाडीइतकीच ही अडचणही जुनी आहे. जर्मनीतील कार्ल बेन्झ यांनी १८८६ साली आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले. या गाडीत इंजिनाभोवतीचे पाणी तापून वाफ होऊन उडून जाई, आणि तेच तिचे शीतन. साहजिकच वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावे लागे.

१८८८ च्या ऑगस्ट महिन्यात त्यांच्या पत्नी बेर्टा बेन्झ पतीला न सांगता ही गाडी घेऊन मानहाइम गावाहून आपल्या माहेरी, फोर्त्सहाइमला निघाल्या. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. बरोबर त्यांचे दोन मुलगे होते, १५ वर्षांचा ऑयगेन आणि १३ वर्षांचा रिशार्ड. म्हणजे जगातल्या पहिल्या लांब पल्ल्याच्या मोटारप्रवासातले मदतनीस तुमच्याच वयाचे होते. वाटेत जेथे मिळेल तेथून ते पाणी भरत गेले. इंधन संपले तेव्हा एका औषधाच्या दुकानातून ते विकत घेतले. इंधनाची नळी तुंबली, ती बेर्टाबाईंनी टोपीला लावायच्या पिनेने मोकळी केली. चढावर इंजिनाचा जोर पुरेना, तेव्हा उतरून गाडी ढकलावी लागली. आणि उतारावर लाकडी ब्रेक झिजू लागले, तेव्हा त्यांनी एका चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. आजच्या ब्रेक-लायनिंगची ती पहिली आवृत्ती म्हणता येईल.

चढाव आणि उतार या दोन्ही ठिकाणी गाडी कशी अडते, हे या एकाच प्रवासात दिसून आले.

बॉनेटखालचा प्रेशर कुकर

पाण्याची वाफ करून उडवून देण्याऐवजी तेच पाणी थंड करून पुन्हा वापरावे, या विचारातून रेडिएटर आला. १९०१ च्या मर्सिडीज गाडीसाठी विल्हेल्म मायबाख यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला होता. त्यात आठ हजारांहून अधिक बारीक नळ्या होत्या. युक्ती सोपी आहे. पाणी आणि हवा यांच्यामधला पृष्ठभाग जितका मोठा, तितकी उष्णता लवकर जाते. बशीत ओतलेला चहा कपातल्या चहापेक्षा लवकर निवतो तो याच कारणाने.

आजच्या गाडीत पंप हे पाणी इंजिनाभोवतीच्या पोकळ्यांतून आणि रेडिएटरच्या नळ्यांतून सतत फिरवत असतो. मध्ये थर्मोस्टॅट नावाची झडप असते. तिच्यातले मेण थंड असताना घट्ट असते आणि झडप बंद राहते. पाणी ८०-९० अंशांपर्यंत तापले की मेण वितळून प्रसरण पावते, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जाऊ लागते. गाडी वेगात असताना समोरचा वारा रेडिएटरला थंड करतो. गाडी हळू असताना ते काम पंख्याला करावे लागते. अँबॅसडरसारख्या जुन्या गाड्यांत हा पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरे. इंजिन मंदावले की पंखाही मंदावे. आताच्या बहुतेक गाड्यांत विजेचा पंखा असतो आणि पाणी तापले की तो आपोआप सुरू होतो.

घाटात गाडी का तापते ते आता ध्यानात येईल. इंजिन जोर लावत असते, म्हणून उष्णता जास्त निर्माण होते. वेग कमी असतो, म्हणून वारा कमी मिळतो. त्यात मे महिन्याची हवाच चाळीस अंशांची असेल, तर ती उष्णता नेणार तरी किती?

पाणी उकळू नये म्हणून आणखी एक उपाय केलेला असतो. रेडिएटरचे झाकण कुकरच्या झाकणासारखे दाब धरून ठेवते. दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो. नेहमीच्या हवेच्या दाबाच्या दुप्पट दाबाखाली पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते. त्यामुळे ११५ अंशांचे पाणीसुद्धा रेडिएटरमध्ये न उकळता फिरत राहू शकते.

आणि येथेच खरा धोका आहे. समजा, कोणी घाईघाईने हे झाकण उघडले. दाब एकदम उतरला. आता ११५ अंशांचे पाणी पाण्याच्या रूपात राहू शकत नाही. शुद्ध पाणी धरून हिशेब केला, तर पाच लिटर पाणी १०० अंशांवर येताना सुमारे १४० ग्रॅम पाण्याची तत्काळ वाफ होईल. १४० ग्रॅम म्हणजे जेमतेम एक पेला. पण वाफ होताच तिचे आकारमान सुमारे २३० लिटर होते! ही वाफ उरलेले उकळते पाणी बरोबर घेऊन झाकण उघडणाऱ्याच्या तोंडावर आणि हातांवर येते. अशा भाजण्याने डोळेही जाऊ शकतात. हातात फडके धरून झाकण फिरवले तरी हा धोका टळत नाही.

काटा वर चढू लागला तर

गाडीच्या समोरच्या फलकावर तापमानाचा काटा किंवा लाल दिवा असतो. काटा नेहमीच्या जागेपासून वर सरकू लागला की पुढील गोष्टी कराव्यात.

(१) एअर कंडिशनर ताबडतोब बंद करावा. तो इंजिनावर भार टाकतो आणि रेडिएटरपुढची हवाही गरम करतो.

(२) खिडक्या उघडून गाडीतला हीटर पूर्ण चालू करावा. उन्हाळ्यात हा सल्ला वेडेपणाचा वाटेल. पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो. त्यातून इंजिनाची थोडी उष्णता बाहेर पडते आणि सुरक्षित जागा येईपर्यंत वेळ मिळतो.

(३) वळणावर थांबू नये. रस्त्याबाहेर मोकळी जागा पाहून गाडी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, इंजिन बंद करावे आणि धोक्याचे दिवे लावावेत. वाफ दिसत असेल किंवा लाल दिवा लागला असेल, तर "अजून एक वळण, मग थांबू" असे म्हणू नये. त्या एका वळणात इंजिनाचे डोके वाकडे होऊ शकते.

(४) निदान अर्धा तास झाकणाला हात लावू नये. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो, म्हणून बोटे त्याच्यापासून दूर ठेवावीत. काही गाड्यांत प्लास्टिकची टाकीही दाबाखाली असते. तिच्या झाकणालाही हाच नियम.

(५) तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये. गरम काचेच्या पेल्यात गार पाणी ओतले तर तो तडकतो. धातूचेही असमान आकुंचन होऊन तडा जातो. इंजिन निवल्यावर पाणी थोडे थोडे भरावे.

गाडी काय सांगते?

नुसते पाणी भरून पुढे निघणे म्हणजे ताप आलेल्या माणसाला गार पाणी पाजून कामाला पाठवणे. ताप का आला ते शोधले पाहिजे. गाडी स्वतःच काही खुणा देत असते.

गाडी रस्त्यावर वेगात असताना काटा जागेवर राहतो आणि गर्दीत किंवा चढावर वर जातो, तर आधी पंखा तपासावा. उलट मोकळ्या रस्त्यावरही काटा चढतो, तर रेडिएटर आतून गाळाने किंवा बाहेरून चिखल-किड्यांनी तुंबला असेल. गाडीखाली रंगीत पाण्याचे थारोळे दिसले, तर एखादा रबरी नळ फाटला आहे किंवा पंप गळतो आहे. इंजिन तापलेले, पण रेडिएटर मात्र गारच, असे आढळले तर थर्मोस्टॅटची झडप बंद स्थितीत अडकल्याची शंका घ्यावी. तापमानाच्या काट्याबरोबर बॅटरीचा दिवाही लागला, तर दोन्ही कामे करणारा पट्टा तुटला असण्याची शक्यता असते. आणि मागच्या नळीतून सतत पांढरा धूर येत असेल किंवा वंगणाचे तेल दुधाळ झाले असेल, तर पाणी नको तेथे शिरले आहे. अशी गाडी मुळीच चालवू नये. ती ओढूनच गॅरेजमध्ये न्यावी.

हिशेब उलटा फिरतो

वर पोचल्यावर इंजिनाला हुश्श वाटते. पण चढताना कमावलेले साडेसहा मेगाज्यूल आता गाडीपाशी साठलेले असतात, आणि खाली येताना ते कोठेतरी खर्च व्हायलाच हवेत. काही भाग हवेचा विरोध आणि टायरांचे घर्षण घेते. उरलेल्यापैकी ४ मेगाज्यूल ब्रेकच्या वाट्याला आले असे समजू. चारही चाकांच्या लोखंडी तबकड्यांचे वस्तुमान २४ किलोग्रॅम धरले आणि उष्णता हवेत मुळीच गेली नाही असे मानले, तर त्यांचे तापमान सुमारे ३७० अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात वारा बरीच उष्णता नेतो. पण सतत पाय दाबून ठेवला, तर तबकड्यांना निवायला सवडच मिळत नाही.

फार तापलेल्या लायनिंगची पकड ढिली होते. पाय दाबला तरी गाडी पूर्वीसारखी थांबत नाही. दुसरा धोका याहून वाईट आहे. पायाचा जोर चाकांपर्यंत नेणाऱ्या द्रवाला आपण ब्रेक ऑइल म्हणतो. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. 'डॉट ३' प्रकारच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश असावा लागतो. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. तापलेल्या चाकाजवळ हे जुने ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. चालक पाय दाबतो, पेडल मऊपणे खाली जाते आणि चाकांपर्यंत जोर पोचतच नाही. काल ठीक असलेला ब्रेक आज घाटात 'लागला नाही', याचे कारण पुष्कळदा हे असते. म्हणून ब्रेक ऑइल साधारण दर दोन वर्षांनी बदलून घ्यावे, ते भरपूर दिसत असले तरीही.

मग घाट उतरावा कसा? जुने चालक सांगत आले आहेत की, ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा. यात पक्के विज्ञान आहे. खालच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की चाके इंजिनाला फिरवू लागतात. दट्ट्यांना हवा ओढण्यात आणि दाबण्यात शक्ती खर्च करावी लागते आणि गाडीचा वेग आवरला जातो. ब्रेकचे काम इंजिन वाटून घेते. पायाचा ब्रेक मधूनमधून, वळणाआधी पुरेसा दाबून सोडून द्यावा; सारखा चोळत ठेवू नये.

उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की इंधन वाचते, अशी समजूत अजून पुष्कळांच्या मनात आहे. आताच्या गाड्यांत ती चुकीचीच ठरते. गिअर घालून ॲक्सिलरेटर सोडला की या इंजिनांना होणारा इंधनपुरवठा आपोआप बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतच राहते. म्हणजे इंधन वाचत नाही, आणि सगळा भार ब्रेकवर पडतो तो वेगळाच. उतारावर इंजिन बंद करणे तर आणखी घातक. ब्रेकला जोर देणारी निर्वाताची मदत दोन-तीन दाबांत संपते आणि स्टिअरिंगही जड होते.

विजेच्या मोटारी उतारावर मोटरलाच जनित्र बनवतात आणि ही ऊर्जा पुन्हा बॅटरीत भरतात. साडेसहा मेगाज्यूलांपैकी काही भाग परत मिळवण्याचा हा सुरेख मार्ग आहे. मात्र बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असेल, तर या ऊर्जेला जागा उरत नाही आणि ब्रेकवरचा भार वाढतो. घाटमाथ्यावरून निघणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

निघण्यापूर्वी पाच मिनिटे

सकाळी इंजिन थंड असताना बॉनेट उघडून मोठ्यांबरोबर एवढे पाहा. कूलंटच्या टाकीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे ना? ब्रेक ऑइलची पातळी तशीच आहे ना? ती एकाएकी उतरली असेल, तर कोठेतरी गळती आहे. रबरी नळ फुगलेले, चिरलेले किंवा दाबल्यावर भुसभुशीत लागत नाहीत ना? पट्ट्याला भेगा नाहीत ना? वंगणाच्या तेलाची पातळी आणि टायरमधली हवा बरोबर आहे ना? हवा कमी असलेला टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि फुटतो.

टाकीत नळाचे पाणी भरत राहिले, तर त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात आणि धातू गंजतो. कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल आणि गंजरोधक द्रव्ये असतात. आपल्याकडे बर्फ पडत नसले तरी गंज टाळण्यासाठी आणि उत्कलनबिंदू वाढवण्यासाठी कूलंट हवेच. पण लक्षात ठेवा, ते चवीला गोडसर आणि अत्यंत विषारी असते. लहान भावंडे आणि कुत्री-मांजरे यांच्यापासून ते दूर ठेवावे.

करून पाहा

सुई नसलेली एक नवी प्लास्टिकची सिरिंज घ्या. ती पाण्यात बुडवून, हवेचा बुडबुडा राहू न देता, पूर्ण भरा. पुढचे भोक बोटाने घट्ट बंद करून दट्ट्या दाबा. तो जवळजवळ हलणारही नाही. आता थोडे पाणी काढून तेवढी हवा आत घ्या, भोक बंद करा आणि पुन्हा दाबा. या वेळी दट्ट्या सहज आत जाईल आणि सोडल्यावर मागे येईल.

घाटात ब्रेक ऑइल उकळते तेव्हा चालकाच्या पायाखाली नेमके हेच होते. हा प्रयोग घरी गाडी चालवणाऱ्यांना एकदा करायला द्या, आणि मग त्यांना विचारा, "आपल्या गाडीचे ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले होते?"